झोप लागते का, हे मला विचारलं होतं

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात, म्हणून ओळख पटेल असा मजकूर काढून बाकीचं इथे देते आहे.

‘माझं वय ४७. महिन्यापूर्वी आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ लागली. बायोप्सी केली, कॅन्सरच निघाला. गाठ २.४ सेंटिमीटर, ईआर-पीआर पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारी. हर-टू, म्हणजे गाठ वेगानं वाढवणारं प्रथिन, दोन प्लस आलंय म्हणून फिश नावाच्या तपासणीला पाठवलंय, तो रिपोर्ट यायचाय. काखेत सध्या तरी काही दिसत नाही. सर्जन म्हणाल्या, स्तन वाचवून नुसती गाठ काढता येईल, नंतर रेडिएशन घ्यावं लागेल.

खरं तर मी आजाराबद्दल लिहीत नाहीये, नवऱ्याबद्दल लिहितेय. आणि त्यांच्याबद्दल तक्रार करायला जागाच नाही, हीच अडचण आहे. हे इतकं करतात की बघणारे म्हणतात, नशीब काढलंस. सुट्टी टाकलीय. फाइल, अपॉइंटमेंट, विम्याचे कागद, सगळं यांच्याकडे. लॅपटॉपवर तक्ता केलाय, झालेल्या तपासण्या हिरव्या, राहिलेल्या पिवळ्या. रात्री उशिरापर्यंत वाचत बसतात. पण मागच्या वेळी सर्जननी मला विचारलं, “झोप लागते का?” मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, “हो, झोपते व्यवस्थित.” मी नुसती पडून असते. मग हेच म्हणाले, “डॉक्टर, पूर्ण काढूनच टाका. आम्हाला रिस्क नको.” मी गप्प बसले.

घरात रडायची सोय नाही. डोळ्यांत पाणी दिसलं की “निगेटिव्ह विचार नको” म्हणतात. आणि परवा रात्री बाथरूममध्ये नळ सोडून हेच रडत होते. मला ऐकू आलं. बाहेर आले ते हसत. मुलगी चौदा वर्षांची आहे, तिला “आईची छोटीशी सर्जरी आहे” एवढंच सांगितलंय. बायोप्सीच्या जागी निळा-जांभळा डाग पडलाय, तो मी यांना दाखवलेला नाही, दार लावून कपडे बदलते. इतक्या चांगल्या माणसाला मी काय सांगू, कसं सांगू? मी कृतघ्न तर नाही ना?’

नाही, कृतघ्न वगैरे काही नाही. ‘नशीब काढलंस’ म्हणणाऱ्यांचंही चुकत नाही. या दुखण्यात एकट्या पडलेल्या बायका मी पाहिल्यात, त्या मानानं तुमच्याकडे बरंच काही आहे. पण नवरा चांगला असला म्हणून त्याचं काहीच खुपू नये, असा नियम कुणी केलाय? तुमच्या यजमानांनी तुमच्यावरचं ओझं उचललं, ते मनापासून. त्या घाईत त्यांनी तुमचं बोलणंही उचललं. ओझं त्यांच्याकडेच राहू द्या. बोलणं तेवढं परत घ्या, आणि तेही ऑपरेशनची तारीख ठरायच्या आत.

आत का, ते सांगते. ‘पूर्ण काढून टाका’ हे वाक्य भीतीतून आलंय. भीतीचा हिशेब सरळ असतो: जितकं जास्त कापलं तितकं जास्त सुरक्षित. हे काही तुमच्या यजमानांनाच वाटतं असं नाही, डॉक्टरांनाही जवळजवळ शंभर वर्षं तसंच वाटत होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतले सर्जन हॉल्स्टेड यांनी जी शस्त्रक्रिया रूढ केली तिच्यात स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सगळंच काढून टाकायचे. १९७० च्या दशकापर्यंत असंख्य बायकांवर हेच होत राहिलं. मग अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि मिलानमध्ये उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी प्रत्यक्ष तुलना करून पाहिली. काही बायकांचा पूर्ण स्तन काढला, काहींची गाठ आणि तिच्याभोवतीचा भाग काढून रेडिएशन दिलं, आणि दोन्ही गटांवर वीस वर्षं लक्ष ठेवलं. २००२ साली दोघांचेही निकाल प्रसिद्ध झाले. किती बायका जगल्या, यात फरक नव्हता. फिशर यांच्या अभ्यासात चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी होत्या, म्हणजे तुमच्या गाठीपेक्षा मोठ्यासुद्धा.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा. फिशर यांच्या अभ्यासात तिसराही एक गट होता, नुसती गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्या बायकांचा. त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांना त्याच स्तनात पुन्हा गाठ झाली, रेडिएशन घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १४ टक्के होतं. आजच्या उपचारांत ते आणखी खाली आलंय. तेव्हा स्तन वाचवायचा तर रेडिएशन टाळायचं नाही, हा एकच सौदा आहे. स्तन पूर्ण काढला म्हणून केमो टळते, हाही एक गैरसमज. केमो द्यायची की नाही हे गाठीच्या स्वभावावर आणि काखेतल्या ग्रंथींवर ठरतं, ऑपरेशन कुठलं केलं यावर नाही. पूर्ण काढल्यावर धोका शून्य होतो असंही नाही.

याचा अर्थ मी तुम्हाला स्तन वाचवाच असं सांगतेय, असं समजू नका. एकाच स्तनात वेगवेगळ्या भागांत गाठी असल्या, छातीवर पूर्वी रेडिएशन झालेलं असलं, तर पूर्ण काढण्याचा सल्ला डॉक्टरच देतात. आणि काही बायकांना आतूनच वाटतं की नको, मोकळं होऊ द्या एकदाचं, रोज तिथं हात लावून चाचपत बसणं मला झेपणार नाही. तोही चांगला निर्णय आहे. फक्त तो ‘मला’ या शब्दानं सुरू व्हायला हवा. ‘आम्हाला रिस्क नको’ म्हणणाऱ्या माणसाच्या अंगावर टाके पडणार नसतात.

शिवाय तारखेची घाई करण्यासारखं अजून काही हातात आलेलंच नाही. हर-टू दोन प्लस म्हणजे धड होय नाही, धड नाही नाही. फिशनं ते ठरेल. निगेटिव्ह आलं तर बहुधा आधी ऑपरेशन, आणि तुमच्यासारख्या हार्मोनवर वाढणाऱ्या गाठीत केमो लागेलच असंही नाही. पॉझिटिव्ह आलं तर क्रमच उलटू शकतो. दोन सेंटिमीटरच्या वरच्या हर-टू पॉझिटिव्ह गाठीत पुष्कळदा केमो आणि हर-टूवरचं औषध आधी देतात, गाठ आटवतात आणि मग ऑपरेशन करतात. पॉझिटिव्ह शब्द वाचून यजमान हादरतील, कारण इंटरनेटवर जुनी पानंही पडलेली असतात. हा प्रकार पूर्वी खरोखरच वाईट समजला जायचा. १९९८ साली ट्रास्टुझुमॅब हे औषध आलं आणि चित्र पालटलं. रात्री वाचायचंच असेल तर मजकूर कोणत्या सालचा आहे ते आधी बघा, असं सांगा त्यांना.

दुसरी गोष्ट जनुकीय तपासणीची. पन्नाशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला तर बीआरसीए जनुकांची तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं. शंभरातल्या पाच ते दहा जणींचा आजार असा घराण्यातून आलेला असतो, आणि तो वडिलांकडूनही येतो, हे लोक विसरतात. दोष सापडला तर स्तन वाचवायचा की नाही या प्रश्नाचं उत्तर बदलू शकतं, आणि पुढेमागे मुलीलाही ती माहिती लागेल. थोडक्यात, निर्णयाला लागणारे दोन कागद अजून टेबलावर आलेले नाहीत. काही आठवडे विचाराला, दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला घेतले तर बिघडत नाही. महिनोन्‌महिने काढायचे नाहीत, एवढंच.

थोडं विषयांतर करते. हे विचाराचे आठवडे बायकांना सहजासहजी मिळालेले नाहीत. १९७० च्या दशकात अमेरिकेत सर्रास असं चालायचं की गाठ तपासायला म्हणून भूल द्यायची, ऑपरेशनच्या टेबलावरच नमुना बघायचा, आणि कॅन्सर असला तर त्याच भुलीत स्तन काढून टाकायचा. जाग आल्यावर चाचपून बघायचं, आहे की नाही. १९७४ साली राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं ऑपरेशनही असंच झालं. त्याच वर्षी रोझ कुशनर नावाच्या पत्रकार बाईंना गाठ झाली. त्यांनी ठणकावलं, आधी तपासणी करा, मला शुद्धीवर येऊ द्या, मग मी ठरवीन. त्या भांडत राहिल्या. १९७९ साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांच्या गटानं, ज्यात कुशनर स्वतः होत्या, तपासणी आणि ऑपरेशन वेगवेगळं करावं असं सांगितलं. तुमचा बायोप्सीचा रिपोर्ट आधी हातात येतो आणि डॉक्टर तुम्हाला ‘दोन पर्याय आहेत’ म्हणतात, त्यामागे असं भांडण आहे. ते खुर्चीत गप्प बसून घालवू नका.

आता, सांगायचं कसं. रात्री अंथरुणावर नको, दवाखान्यातून परतताना गाडीतही नको, तेव्हा दोघंही पिळून निघालेले असता. दिवसाउजेडी, मुलगी शाळेत असताना बोला. सुरुवात ‘तुम्ही नेहमी…’नं केलीत तर इतके दिवस राबलेला माणूस दुखावणारच. असं काहीतरी म्हणून बघा: ‘तुम्ही नसता तर मी या कागदांत बुडाले असते. ते सगळं तुमच्याकडेच असू द्या. पण डॉक्टर मला काही विचारतील तेव्हा उत्तर मला देऊ द्या. मी अडखळले तरी थांबा. ऑपरेशन कुठलं, ते आपण सगळं ऐकून घेऊ, पण शेवटी मी सांगेन.’ बस, एवढंच. झोपेचा किस्साही सांगा, तुम्ही जाग्या असता हे त्यांना बहुतेक माहीतच नाहीये. ते पलीकडे लॅपटॉपवर जागे आणि तुम्ही अलीकडे डोळे मिटून जाग्या. एका खोलीत दोन माणसं एकमेकांची झोप मोडू नये म्हणून जागी आहेत.

‘मला मदत करायची नाही की काय?’ असं ते म्हणतील. तेव्हा त्यांना खरी कामं द्या. डॉक्टर सांगतात त्यातलं निम्मं पेशंटच्या डोक्यात शिरत नाही, ते यांनी लिहून घ्यावं, किंवा डॉक्टरांची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करावं. प्रश्नांची यादी आदल्या दिवशी दोघांनी मिळून करावी, त्यांचे प्रश्न शेवटी. नातेवाइकांचे फोन त्यांनी घ्यावेत, पण कुणाला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. केमो ठरलीच तर त्यांच्यासाठी एक मोठं काम आहे: थर्मामीटर. केमोनंतर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, त्या दिवसांत ताप १००.४ फॅरनहाइटवर, म्हणजे ३८ सेल्सियसवर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, मध्यरात्री का असेना, लगेच दवाखान्याला फोन करून निघायचं. तक्ता करणारा माणूस अशा वेळी सोन्यासारखा असतो.

आणि दर भेटीत पाच मिनिटं तुम्ही डॉक्टरांशी एकट्यानं बोला. ‘मला थोडं खासगी विचारायचंय’ म्हटलंत की चालतं, कारण द्यावं लागत नाही. झोपेचं त्या पाच मिनिटांत सांगा. दुकानातून आपल्या मनानं झोपेची गोळी आणू नका. आणि मन उदास राहतंय म्हणून पुढे कुणी गोळ्या दिल्याच, आणि तोवर टॅमॉक्सिफेन सुरू झालेलं असलं, तर ते त्या डॉक्टरांना आधी सांगायचं. हार्मोनवर वाढणाऱ्या गाठीत हे औषध पाच वर्षं, कधी दहा वर्षंही देतात, आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी त्याचा परिणाम कमी होऊ शकतो.

रडण्याबद्दल. ‘निगेटिव्ह विचार नको’ हे वाक्य मला बिलकुल आवडत नाही. रडल्यानं गाठ वाढत नाही आणि हसल्यानं आटत नाही, ते काम औषधांचं आहे. जिला कॅन्सर झालाय तिनं घाबरायचंही नाही, म्हणजे आजार आहेच, वर परीक्षाही. पण यजमान ते वाक्य तुमच्यासाठी म्हणत नाहीत, असा माझा अंदाज आहे. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं की त्यांचा स्वतःचा बांध फुटेल, ही त्यांना धास्ती. म्हणून नळ. तुम्ही त्यांना जपताय, ते तुम्हाला जपतायत, आणि या जपाजपीत दोघंही एकटे पडलात.

नळाचं त्यांना सांगा. पकडलं अशा सुरात नको, नुसतं ‘परवा मला ऐकू आलं’ एवढं म्हणा आणि थांबा. पुढचं वाक्य त्यांचं असू द्या. कदाचित काहीच बोलणार नाहीत, उठून तक्त्यात एखादा पिवळा रकाना हिरवा करतील. चालेल. ऐकू गेलंय एवढं त्यांना कळलं तरी पुरे.

बोलणं जमतच नसेल तर कॅन्सरच्या दवाखान्यांत वापरतात ती एक युक्ती घरी करून पाहा. तिला डिस्ट्रेस थर्मामीटर म्हणतात. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, दहा म्हणजे असह्य, आज मनाचा आकडा किती? चार किंवा त्याच्या वर असला तर विचारपूस करावी, असा दवाखान्यातला संकेत आहे. रोज रात्री दोघांनी आपापला आकडा सांगायचा. सांगायचा फक्त, समजूत काढायची नाही, उपाय सुचवायचा नाही. तुमच्या यजमानांसारख्या माणसाला भावना सांगण्यापेक्षा आकडा सांगणं सोपं जाईल. त्यांचा आकडा तुमच्यापेक्षा मोठा निघाला तर दचकू नका. त्यांनाही मन मोकळं करायला कुणीतरी हवं, भाऊ, मित्र, समुपदेशक, कुणीही. ते माणूस तुम्हीच असायला हवं असं नाही, तुमच्यावर आत्ता ती जबाबदारी नको.

मुलीला खरं सांगा, आणि लवकर. चौदा वर्षांच्या मुलीला ‘छोटीशी सर्जरी’ पटत नसते. तिनं फाइलवरचं नाव वाचलंही असेल आणि ती एकटीच फोनवर शोधत बसली असेल. दोघांनी मिळून सांगा. कॅन्सर हाच शब्द वापरा. हा आजार संसर्गानं होत नाही आणि कुणाच्या वागण्या-बोलण्यानं झालेला नाही, हे आवर्जून सांगा, कारण ‘मी आईशी भांडले म्हणून’ असं मुलांच्या मनात येतं आणि ती ते बोलून दाखवत नाहीत. केमो असेल तर पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत केस जायला लागतात, ते तिला आधी माहीत असू द्या, सकाळी उशीवर बघून कळायला नको. ‘तू मरणार का?’ असं ती विचारेल. ‘छे, काहीतरीच काय’ म्हणू नका. ‘गाठ काखेत पोचलेली दिसत नाही, यावर चांगले उपचार आहेत, डॉक्टरांना चांगली आशा आहे. काही बदललं तर तुला मी सांगेन, लपवणार नाही’, असं सांगा, आणि तसंच वागा.

राहिला तो डाग. बायोप्सीची सुई जाड असते, डाग पडतोच. दोन-तीन आठवड्यांत तो पिवळा पडत जाईल. दाखवायची घाई करू नका, पण दार लावायची सवयही लागू देऊ नका. ऑपरेशननंतर पट्टी सुटेल तेव्हा जखम आधी कुणी बघायची, हेही आत्ताच ठरवून टाका. काहींना पहिल्यांदा नर्ससोबत एकटीनं बघायची असते, काहींना नवरा शेजारी हवा असतो. त्या वेळी काय वाटेल ते आत्ता कळणार नाही, म्हणून ‘आयत्या वेळी मी सांगेन तसं’ एवढं बोलून ठेवलं तरी पुरे. तोपर्यंत जवळ येण्याचा अर्थ नुसता हातात हात घेऊन पडणं असला तरी काही कमी नाही. पण ते अंतर ठेवून झोपतात ते तुम्हाला दुखेल म्हणून, आणि तुम्हाला वाटतं त्यांना नको वाटतंय म्हणून, असं होऊ देऊ नका. दुखत नसेल तर ‘दुखत नाही’ म्हणून सांगा.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही तरी सांगते. पाळी अजून चालू असेल तर उपचारांच्या काळात दिवस राहणं टाळायला हवं, आणि तुमच्या गाठीत हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत. दुसरं साधन कुठलं, केमोनंतरचे किती दिवस काळजी घ्यायची, टॅमॉक्सिफेनवर अंगातून गरम वाफा आल्या किंवा कोरडेपणा आला तर काय करायचं, हे सगळं त्या खासगी पाच मिनिटांत विचारा. डॉक्टरांना हे प्रश्न रोजचेच असतात. तुमच्या सर्जन बाईच आहेत, त्यांच्याशी बोलणं सोपं जाईल.